‘अक्षता’ शब्दात डोळा नाही

सोलापुरात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा जवळ आली की एक मेसेज फिरतो: ‘अक्ष म्हणजे डोळा, म्हणून अक्षता म्हणजे देवाची नजर, तांदूळ कसलाही चालतो.’ दोन्ही गोष्टी चूक आहेत.

मूळ धातू ‘क्षण्’, म्हणजे इजा करणे. त्यावरून क्षत, जखमी किंवा तुटलेले. ‘अ’ लागला की अक्षत, न तुटलेले. अखंड दाणा हाच शब्दाचा अर्थ, त्यामुळे कणी चालत नाही. संस्कृतात शब्द पुल्लिंगी बहुवचनी, म्हणून पूजेत ‘अक्षतान् समर्पयामि’ म्हणतात. मराठीत मात्र ‘त्या अक्षता’. कोशांत जव असाही अर्थ आहे. फक्त तांदूळच असे मूळ शब्द सांगत नाही.

यात्रेत सम्मती कट्ट्यावर होणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नात टाकायच्या अक्षता घरी करताना तांदूळ आधी चाळा, कणी खाली पडते. धुऊ नका. वाटीभर तांदळाला चिमूटभर कुंकू आणि पाण्याचे चार-पाच थेंब पुरतात, बोटांच्या टोकांनी हलके चोळा. पाणी जास्त झाले की दाणा मऊ पडून चोळताना मोडतो, गोळे होतात, नि यात्रेत घालायच्या पांढऱ्या बाराबंदीवर (बंदांच्या अंगरख्यावर) लाल डाग पडतात. ताटात पसरून सावलीत वाळवा.