बेरीज २२१ टक्के कशी? ‘माळवी खवय्या’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

माळवी खवय्या काका, नमस्कार.

देशातल्या हृदयविकाराच्या वाढत्या भारावर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही चांगली लांबलचक आणि कडक प्रतिक्रिया दिलीत. तिथेच दोन ओळी खरडून मोकळं होणं मला बरं वाटेना, म्हणून हे वेगळं उत्तर. ज्यांनी तुमचं लिहिणं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सार सांगतो. लोकसंख्या वाढली, माणसं जास्त जगू लागली, मग कशाने तरी मरणारच, त्यात एवढा बोभाटा कशाला, हा तुमचा पहिला आक्षेप. मी दिलेल्या कारणांच्या टक्क्यांची तुम्ही बेरीज केलीत, ती २२१.८ आली, आणि ‘शंभरात दोनशे एकवीस बसवणारा हा कुठला हिशेब, भिया?’ (इंदुरात भिया म्हणजे भाऊ) असं विचारलंत. तुमचे आजोबा तूप-सेव खाऊन ८८ वर्षं जगले. स्वच्छतेत पहिल्या आलेल्या इंदुरात हवेचा बागुलबुवा दाखवू नये. तरुण पोरं कोसळतात ती करोनाच्या लशीमुळे. आणि माझ्यासारखा मेडिकलचं दुकान चालवणारा गोळ्यांची जाहिरात करणार नाही तर काय करणार! शेवटी जाता जाता तुम्ही हेही लिहून गेलात की तुमचं स्वतःचं बीपी ‘दीडशे-पंच्याण्णव’ असतं आणि तुम्हाला काडीचा त्रास नाही. त्याच्याकडे मी सगळ्यात शेवटी येणार आहे.

बेरजेपासून सुरू करतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे. हे टक्के २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या, भारतातल्या राज्यवार रोगभाराच्या अभ्यासातले, हिशेब २०१६ सालचा. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी देशाची जी वर्षं खाल्ली (अकाली मृत्यूत गेलेली आणि आजारपणात गेलेली, दोन्ही मिळून), त्यांतली ५६.४ टक्के आहाराशी जोडता येतात, ५४.६ टक्के वाढलेल्या रक्तदाबाशी, ३१.१ हवेच्या प्रदूषणाशी, २९.४ कोलेस्टेरॉलशी, १८.९ तंबाखूशी, १६.७ साखरेशी आणि १४.७ वाढलेल्या वजनाशी. तुमची बेरीज बरोबर आहे. फक्त ती करायची नसते.

एबी रोडवरचा, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गावरचा, गणपती घाट तुम्हाला माहीत असेलच. समजा तिथे उतारावर ट्रक सुटतो आणि पुढच्या मोटारसायकलीवर जातो. ब्रेक निकामी झाले होते, माल जास्त भरला होता, उतार तीव्र होता, मोटारसायकलवाल्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ब्रेक चांगले असते तर तो वाचला असता. माल कमी असता तरी बहुधा वाचला असता. हेल्मेट असतं तरी कदाचित. आता एकच मृत्यू या चारही कारणांच्या खात्यात लिहावा लागेल, आणि अशा शंभर अपघातांची खाती मांडली तर बेरीज दोनशेच्या वर सहज जाईल. ५४.६ टक्क्यांचा अर्थ असा की देशात सगळ्यांचा रक्तदाब योग्य पातळीवर असता तर हा भार साधारण इतका कमी झाला असता. प्रत्येक कारणाला हा प्रश्न वेगळा विचारलेला आहे.

शिवाय ही कारणं एकमेकांच्या घरात राहतात. मीठ जास्त झालं की रक्तदाब चढतो, म्हणजे तोच माणूस आहाराच्याही खात्यात आणि बीपीच्याही. पोट सुटलं की साखर, बीपी, कोलेस्टेरॉल असे तिघं मागोमाग येतात. बेरीज शंभरावर जाते याचा व्यवहारातला अर्थ मला तरी चांगलाच वाटतो: एका जागी हात घातला तर तिथल्यापुरता नव्हे, बराच जास्त फायदा होतो.

आता लोकसंख्या आणि वय. इथे तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे, आणि मूळ लेखातही मी ते नाकारलेलं नव्हतं. १९९० साली देशातल्या एकूण मृत्यूंपैकी १५.२ टक्के हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होत, २०१६ मध्ये २८.१ टक्के. या वाढीतला एक भाग असा की हगवण, क्षय, बाळंतपण यांत माणसं दगावणं कमी झालं. शंभरातले इतर वाटे आकसले की उरलेला वाटा मोठा दिसणारच. रुग्णांची संख्याही २.५७ कोटींवरून ५.४५ कोटींवर गेली, त्यातही वाढत्या लोकसंख्येचा हात आहे.

पण मग वय बाजूला काढून हिशेब मांडला तर काय दिसतं? तोही मांडून झाला आहे. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘मिलियन डेथ स्टडी’त घरोघरी जाऊन मृत्यूची हकीकत विचारली जाते आणि डॉक्टर त्यावरून कारण ठरवतात. आपल्याकडे बहुतेक मृत्यूंना डॉक्टरचं कारणासहित प्रमाणपत्रच नसतं, म्हणून ही वाट. त्यांनी ३० ते ६९ या वयातल्या मृत्यूंकडे पाहिलं. इतर कशाने मरण आलं नाही असं धरलं, तर या वयात हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने जाण्याची शक्यता पुरुषांमध्ये २००० साली १०.४ टक्के होती, ती २०१५ मध्ये १३.१ झाली. बायकांमध्ये ४.८ वरून ६.६. म्हातारे वाढले एवढंच कारण असतं तर असा हिशेब केल्यावर वाढ दिसायलाच नको होती. त्याच काळात पक्षाघाताने होणारे मृत्यू देशभराचा विचार करता घटले, म्हणजे सगळेच आकडे फुगवण्याचा कोणी डाव टाकलेला नाही. आणि गावांतला हृदयविकाराचा मृत्युदर याच पंधरा वर्षांत शहरांच्या पुढे गेला. ‘हे शहरी लोकांचे चोचले’ असं तुम्ही लिहिलंत, ते इंदूरजवळच्या देपालपूर-सांवेरकडून माझ्या काउंटरवर येणाऱ्या गिऱ्हाइकांना ऐकवून बघा.

आजोबांना माझा नमस्कार. ८८ वर्षांचे आजोबा नातवांच्या गोष्टींत राहतात. पन्नाशीत गेलेले त्यांचे भाऊबंद राहत नाहीत. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हार्ट अटॅक येतो तो मध्यम हिशेबाने ५३ व्या वर्षी, बाकीच्या जगात ५९ व्या. हे ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातलं आहे. सहा वर्षांचा हा फरक कशातून आला, तेही त्यांनी पाहिलं, आणि बराचसा फरक नेहमीच्याच कारणांनी भरून निघाला: तंबाखू, बीपी, साखर, बिघडलेलं कोलेस्टेरॉल. आपल्याकडे ती लवकर सुरू होतात.

पोह्यांबद्दल मात्र माझ्यावर अन्याय झालाय. मी पोह्यांना नावं ठेवलेली नाहीत, इंदूरच्या रामबागेत राहून ते करायची हिंमतही नाही. वाफेवरचे पोहे बिचारे निरुपद्रवी आहेत. त्यांच्यावर पडणारी मूठभर सेव आणि वर भुरभुरलेलं जीरावन (इंदुरी चटपटीत मसाला) यांतलं मीठ मोजा एवढंच म्हणालो होतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत माणशी मीठ दिवसाला सुमारे ८ ग्रॅम निघालं, जागतिक आरोग्य संघटना ५ च्या आत ठेवा म्हणते. तरी एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगतो. त्या ५६.४ टक्क्यांत ताटात जे जास्त आहे त्याच्याइतकंच, किंबहुना त्याहून अधिक, ताटात जे नाही त्याला महत्त्व आहे: फळं कमी, भाज्या कमी, अख्खं धान्य कमी, शेंगदाणे-बदाम-तीळ कमी. सराफ्यावर, रात्रीच्या खाऊगल्लीत, महिन्यातून एकदा जाणाऱ्याला मी कधी टोकत नाही. घरात रोज संध्याकाळी चहाबरोबर नमकीनचा डबा उघडतो आणि पेरू-पपई मात्र आजारी माणसासाठीच येते, तिथे माझी कुरकुर आहे.

हवेबद्दल थोडक्यात. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपण पहिले आलो याचा मलाही अभिमान आहे, पण झाडूने उचलला जातो तो कचरा. फुप्फुसातून रक्तात उतरणारे बारीक कण डिझेलच्या धुरात असतात, जाळलेल्या पिकाच्या खुंटांत असतात, आणि चुलीच्या धुरातही. ते ३१.१ टक्के देशाचे आहेत, त्यात स्वयंपाकघरातला धूर धरलेला आहे. इंदूरच्या महापालिकेवर तो ठपका नाही.

लशीचं. आयसीएमआरने १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी धडधाकट आणि अचानक गेलेल्या लोकांचा अभ्यास केला, ४७ रुग्णालयांतून ७२९ मृत्यू, आणि त्यांच्याशी ताडून पाहायला तशाच वयाचे जिवंत लोक. लशीने धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच दिसला. वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: करोनाने इस्पितळात राहावं लागलेलं असणं, घराण्यात कोणी अचानक गेलेलं असणं, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू, किंवा जोराचा व्यायाम. याहून जास्त या विषयावर मला काही म्हणायचं नाही.

आता ‘गोळ्या विकणारा’. हा आरोप मला आवडला, कारण माझा खरा मुद्दा त्याच्याच पोटात आहे आणि मूळ लेखात तो आकड्यांच्या गर्दीत दबला असावा.

२०१४ साली ‘प्युअर’ नावाचा १७ देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला, दीड लाखाहून जास्त माणसं, भारतातलीही. त्यात धोक्याची कारणं मोजली तर श्रीमंत देशांतल्या लोकांत ती सगळ्यात जास्त आणि गरीब देशांत सगळ्यात कमी निघाली. आणि हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदय निकामी होणं, त्यातले मृत्यू? ते उलटे. श्रीमंत देशांत दर हजारी वर्षाला ३.९९, गरीब देशांत ६.४३. झटका आल्यावर दगावण्याचं प्रमाण तिकडे ६.५ टक्के, इकडे १७.३. कॅनडा-स्वीडनची माणसं आपल्याहून साधी राहतात म्हणून वाचत नाहीत. त्यांचं बीपी कोणीतरी मोजतं, गोळी सुरू करतं, आणि महत्त्वाचं म्हणजे ती सुरू राहते.

आपल्याकडे काय होतं ते मी काउंटरवरून बघतो. ‘बीपी नॉर्मल आलं, गोळी बंद केली.’ अहो, गोळीमुळेच नॉर्मल आलं! ‘एकदा लागली की जन्मभर लागते’ या भीतीने न घेणारे वेगळे. एक पट्टी घेऊन दोन महिन्यांनी उगवणारे वेगळे. प्युअरच्याच आधीच्या, २०११ च्या निबंधात आहे: गरीब देशांत, ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलाय अशांपैकी ८० टक्के लोक ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन वगैरे सिद्ध झालेल्या औषधांपैकी एकही घेत नव्हते. भारत त्या गटात होता. मिलियन डेथ स्टडीतही हेच: आधीपासून आजार माहीत असून जे गेले, त्यांतले किमान निम्मे नियमित औषध घेत नव्हते.

आणि झटका आल्यावरचा वेळ. देशातल्या ८९ केंद्रांतल्या वीस हजारांवर रुग्णांची ‘क्रिएट’ नोंदवही २००८ साली छापून आली. त्यात दुखू लागल्यापासून इस्पितळात पोचेपर्यंतचा मध्यम वेळ ३६० मिनिटं होता. सहा तास! हृदयाचा स्नायू इतका वेळ वाट बघत नाही. गरीब रुग्णांत तीस दिवसांच्या आत ८.२ टक्के गेले, श्रीमंतांत ५.५, आणि हा फरक मिळालेल्या उपचारांचा हिशेब धरल्यावर बहुतांश पुसला गेला. त्या सहा तासांतला एक तास माझ्यासारख्यांच्या दुकानातही जातो, हे सांगायला हवं. रात्री दहाला माणूस घामाघूम होऊन येतो, छातीवर हात ठेवून म्हणतो, ‘गॅस धरलाय, एखादी गोळी द्या.’ चाळिशीच्या पुढचा असेल तर मी अँटासिड देत नाही, आधी ईसीजी काढायला पिटाळतो. काही जण रागावून शेजारच्या मेडिकलमध्ये जातात. गिऱ्हाईक तुटतं ते असं.

धंद्याचंच बोलायचं तर बीपीची ॲम्लोडिपिन ही माझ्या दुकानातल्या सगळ्यात स्वस्त गोळ्यांपैकी एक. तिच्यावर माझा बंगला होणार नाही. शिवाय ती सरकारी केंद्रात फुकट मिळते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ या बीपी आटोक्यात ठेवण्याच्या सरकारी मोहिमेच्या पहिल्या पाच राज्यांत आपलं मध्य प्रदेश होतं. त्यात फार काही जादू नाही: मोजकी ठरावीक औषधं, महिन्याभराचा साठा एकदम, प्रत्येकाची नोंद, आणि माणूस आला नाही तर त्याला फोन. मला विचाराल तर देशाला अँजिओप्लास्टीच्या आणखी एका चकचकीत इमारतीआधी हा फोन करणारी माणसं जास्त हवी आहेत. २०१७ च्या फेब्रुवारीत स्टेंटचे भाव बांधले गेले, औषधी लेप असलेली २९,६०० वर आली, फार चांगलं झालं. पण स्टेंट घालून घरी आलेला माणूस सहाव्या महिन्यात गोळ्या सोडतो, त्याचं काय करायचं, याला भाव बांधून उत्तर मिळत नाही.

तेव्हा काका, तुमचं दीडशे-पंच्याण्णव. त्रास नाही हे मला पटतं, बीपी बहुतेकांना त्रास देतच नाही. आधी ते खरंच तितकं आहे का बघू. दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. माझ्याकडून घ्यायची गरज नाही, दवा बाजारात स्वस्त पडेल. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको, लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, दंड छातीच्या उंचीवर. मग मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, आठवडाभर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ही बेरीज मात्र करायचीच. घरी मोजलेली सरासरी १३५-८५ किंवा त्याच्या वर निघाली तर तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, किंवा जवळच्या सरकारी संजीवनी क्लिनिकमध्ये. कोणती गोळी, किती, हे ते ठरवतील, मी नाही. त्याआधी आली तर सरासरी इथेच खाली लिहा, मी वाचेन.