‘चार फास्टनर मारा, झालं!’ असं होत नाही

हल्ली साइटवर गेलं की घरमालक मोबाइल पुढे करतात. मेसेज तोच, फक्त पाठवणारा वेगळा. मजकूर थोडक्यात असा: बाथरूममधल्या फ्लोटिंग व्हॅनिटीला (म्हणजे जमिनीला न टेकता भिंतीला टांगलेलं बेसिनखालचं कपाट) लोखंडी फ्रेम लागत नाही, ती कंत्राटदारांची कमाई. मरीन प्लायचा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचा) बॉक्स करा, भिंतीत चार फास्टनर (आवळले की भोकात फुगून बसणारे बोल्ट) मारा, भिंत कुठलीही चालते. एकेक फास्टनर शंभर किलो पेलतो. वर ग्रॅनाइट ठेवा, दगड मुळातच मजबूत असतो. कडेनं सिलिकॉन मारा, पाणी शिरणार नाही. आणि शिरलंच तर मरीन प्लायला काही होत नाही.

मी पुण्यात वीसएक वर्षं घरांची आतली कामं करतो. म्हणजे मेसेजच्या हिशेबानं मीही लुटारूच. तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका, आकडे बघा.

आधी वजन. चार फूट लांब, बावीस इंच रुंद, 18 मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट साधारण 33 किलो भरतो. त्यावर टेबल टॉप बेसिन दहा-बारा किलोचं, प्लायचा बॉक्स ड्रॉवरसकट पंचवीस-तीस, आत शॅम्पू, डिटर्जंट, ड्रायर वगैरे बारा-पंधरा. नव्वदच्या आसपास गेलो. मेसेजवाला म्हणेल, चार फास्टनर, चारशे किलो, मग अडचण काय?

अडचण अशी की हे वजन भिंतीला चिकटून खाली सरकत नाही, ते पुढे कलतं. निम्मी रुंदी धरली तर वजनाचा मध्य भिंतीपासून 28 सेंटिमीटरवर येतो. वरचा बोल्ट आणि बॉक्सची खालची कड यांत 40 सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बोल्टांवर भिंतीतून उपटून काढणारी ओढ येते 63 किलोची. इथवर ठीक. आता 65 किलोचा माणूस मोजे घालायला पुढच्या कडेजवळ, भिंतीपासून 50 सेंटिमीटरवर टेकला. (टेकतोच. बाथरूममध्ये बसायला दुसरी जागा कुठे असते?) ओढ एकदम 145 किलोच्या घरात जाते. आणि बॉक्सऐवजी नुसत्या दोन एल अँगलवर (एल आकाराच्या लोखंडी ब्रॅकेटवर) दगड ठेवला असेल, ज्यांची भिंतीवरची उंची जेमतेम 10 सेंटिमीटर, तर तीच ओढ पावणेसहाशेच्या वर. दोघांत वाटली तरी प्रत्येकी पावणेतीनशेच्या वर. म्हणून अँगल किती जाड आहे यापेक्षा तो भिंतीवर किती उंच आहे हे आधी बघायचं.

आता तो ‘शंभर किलो’चा फास्टनर. पाकिटावरचा आकडा चांगल्या काँक्रीटचा असतो, आणि फास्टनर सांगितलेल्या खोलीपर्यंत आत गेला तरच. बाथरूमची भिंत आठवा: 10 मिलिमीटर टाइल, तिच्यामागे 20 मिलिमीटर माल, त्यामागे 15 मिलिमीटर प्लास्टर. 75 मिलिमीटरच्या फास्टनरपैकी 45 यातच संपले. उरलेला तीस मिलिमीटर विटेत, आणि त्यातही अँगलची जाडी वजा. टाइल नाण्यानं वाजवून बघा. डबडब वाजली तर मागे पोकळ आहे, आणि नट आवळताना ती चरकन तडकते.

भिंत कुठलीही चालते, हा मेसेजचा सगळ्यात घातक भाग. मायवन पद्धतीच्या (साच्यात भिंतीही काँक्रीटच्या ओततात त्या) इमारतीत आरसीसी भिंत असेल तर फास्टनर खरंच छान बसतो. फक्त सळई आणि आतून गेलेला वायरिंगचा पाइप चुकवा. चार इंची विटेच्या पार्टिशनमध्ये, जिथे प्लंबरनं आधीच पाइपसाठी दोन झिऱ्या, म्हणजे खाचा, मारल्यात, तिथे ठोकाठोक करायची म्हणजे पलीकडच्या बेडरूमचं प्लास्टर उडवायचं. आणि एएसी ब्लॉक, म्हणजे तो पांढरा हलका ब्लॉक, ज्यात खिळासुद्धा हातानं ठोकला जातो, त्यात फुगणारा फास्टनर आवळला की ब्लॉकचा भुगा होतो आणि बोल्ट गोल गोल फिरतो.

अशाच एका घरी मला बोलावलं होतं. तक्रार काय, तर ‘ड्रॉवर घासतोय.’ सुतार दोनदा येऊन चॅनल बदलून गेला होता. मी दगडाच्या मागच्या कडेला बोट लावलं. टाइल आणि ग्रॅनाइट यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकवता येईल एवढी फट, आणि त्या फटीत ताणून पांढरं पडलेलं सिलिकॉन. ड्रॉवरचा काही दोष नव्हता, अख्खी व्हॅनिटीच पुढे झुकत होती. वरचे दोन्ही फास्टनर मी बोटांनी बाहेर काढले, पान्याची गरजच पडली नाही. ब्लॉकची पांढरी पूड बाथरूमभर झाली.

एएसीला उपाय आहेत. केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट), ड्रिल हॅमरवर न टाकता पाडलेली भोकं, किंवा सगळ्यात भक्कम म्हणजे आरपार बोल्ट आणि पलीकडे लोखंडी प्लेट. पलीकडे वॉर्डरोब येत असेल तर प्लेट कुणाला दिसतही नाही. पण मला विचाराल तर फ्रेमचे उभे लोखंडी पाइप आधीच खालच्या स्लॅबपर्यंत न्यावेत आणि पुढे पातळ भिंत घेऊन टाइलमागे झाकावेत. वॉल हंग कमोडच्या चांगल्या फ्रेमचे पाय जमिनीवरच टेकलेले असतात, तीच युक्ती. मात्र हे वॉटरप्रूफिंगच्या आधी ठरवावं लागतं. नंतर जमिनीत भोक पाडलंत तर खालच्या मजल्यावरचे काका छताचे फोटो पाठवतील.

दगड मजबूत असतो, हे अर्धंच खरं. दाबाला ग्रॅनाइट राक्षस आहे, वाकायला नाही. वाकवताना त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी. आपल्याकडे जुन्या ओट्याखाली कडाप्प्याच्या उभ्या पट्ट्या देतात, त्या काही शोभेला नसतात. अंडर काउंटर, म्हणजे दगडाच्या खालून बसवायच्या, बेसिनसाठी दगड कापला की पुढे-मागे अडीच-तीन इंचांच्या पट्ट्या उरतात, आणि सगळा भार त्यांच्यावर. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एक टॉप मी स्वतः आडवा धरून जिना चढवला आणि पुढची पट्टी दुसऱ्या मजल्यावर कटआउटच्या कोपऱ्यातून मोडली. तेव्हापासून दगड उभाच न्यायचा, कटआउटचे कोपरे गोल ठेवायचे आणि फ्रेमचा एकेक हात बेसिनच्या दोन्ही बाजूंना द्यायचा. हात दगडाच्या पुढच्या कडेच्या तीन-चार इंच आत थांबला तरी पुरतं, बाहेरून दिसत नाही. म्हणजे फ्लोटिंगचं फ्लोटिंग राहतं.

सिलिकॉन सांधा बंद करतं, वजन उचलत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन मार्बलला तर लावूच नका, डाग पडतो. न्यूट्रल मागा.

मरीन प्लायबद्दल: आयएस 710 चा शिक्का असलेला प्लाय 72 तास उकळत्या पाण्यात टिकतो तो त्यातल्या गोंदामुळे, लाकूड शेवटी लाकूडच. उघडी कड पाणी पितेच. पाइपसाठी मागच्या पाटाला पाडलेलं भोक कच्चं सोडलं की फुगणं तिथूनच सुरू होतं. सुतार तिथे कधीच एज बँडिंग करत नाही, म्हणजे कडेला पट्टी चिकटवत नाही, कारण ते दिसत नाही. आणि फ्रेमला नुसता रेड ऑक्साइडचा लाल रंग पुरत नाही, विशेषतः मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या हवेत. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप घ्या, वेल्डच्या जागी झिंकचा रंग द्या.

मेसेजचं एक मात्र खरं: दोन फुटी छोटं युनिट, सिरॅमिकचं एकसंध बेसिन आणि काँक्रीटची भिंत असेल, तर चार फास्टनर पुरतात. तिथे फ्रेम विकणारा खरोखरच लुटतो.

चार फुटी ग्रॅनाइटला मात्र पाच-सहा मीटर चौकोनी पाइप, चार प्लेटा आणि वेल्डरचा अर्धा दिवस लागतो, तेवढीच ती ‘कमाई’. दगड येण्याच्या आदल्या दिवशी मी फ्रेमच्या पुढच्या टोकावर स्वतः बसतो, पाय उचलून. वजन 82. मागे जोडाजवळ वेल्डर बोट लावून बसलेला असतो. त्याच्या बोटाला हालचाल जाणवली, तर उद्याचा दगडाचा टेम्पो रद्द.