निगमाला त्रास न देता माहिती कशी मागावी

स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहरात राहायचं आणि कचऱ्याचे, नाल्याचे, नळाच्या पाण्याचे कागद मागायचे, हे इंदूरकराला शोभत नाही. तरीही हौस असेलच, तर निगमाला, म्हणजे इंदूरच्या महापालिकेला, कळ न लागता ती भागवता येते. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 चा आहे आणि मध्य प्रदेशात अर्जाची फी 10 रुपये. पोहे-जिलबीलाही न पुरणाऱ्या पैशांत एका अधिकाऱ्याचे 30 दिवस खराब करण्याची सोय सरकारने करून ठेवली आहे. म्हणून म्हणतो, जपून.

सुरुवात भाषेपासून करा. अर्ज शुद्ध मराठीत लिहा. होळकरांचं शहर आहे, बाणा दिसला पाहिजे. कलम 6 इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच मानतं आणि इथे आपली मायबोली त्यात बसत नाही, हे विसरा. ‘लोक सूचना अधिकारी’ असा हिंदी मायना घालून चार ओळी लिहिल्या की अर्ज मुकाट्याने आवक रजिस्टरात चढतो. त्यात बाणा कुठला?

आता खरी कला, ती प्रश्न विचारण्याची. ‘आमच्या मागच्या नाल्याला वास का येतो? याला जबाबदार कोण? निगम झोपलं आहे काय?’ असे तीन प्रश्न ठणकावून विचारा. कारण सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात सांगूनच ठेवलंय की, दप्तरात जे आहे तेवढंच द्यायचं. मत बनवून किंवा नवी माहिती तयार करून द्यायची नाही. ‘का’ या प्रश्नाचा कागद कुठल्याच फायलीत नसतो. उत्तर एका ओळीत येतं, बाबूचाही वेळ वाचतो. शिवाय माहिती कशाला हवी, याची दोन पानं जोडा. कलम 6(2) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही, पण सांगितलं तर समोरच्याला वाद घालायला तेवढाच विषय मिळतो.

चुकूनही असं लिहू नका: ‘वॉर्ड क्रमांक अमुक, 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर, नळाच्या पाण्याच्या नमुन्यांचे प्रयोगशाळा अहवाल, प्रमाणित प्रती, नमुना घेतल्याची जागा, तारीख, उरलेलं क्लोरीन आणि ई. कोलायचे आकडे यांसह.’ यात जागा आहे, काळ आहे, कागदाचं नाव आहे. असा अर्ज टाळायला फार कष्ट पडतात. त्यापेक्षा ‘पाणी शुद्ध आहे काय?’ एवढंच विचारा, म्हणजे ‘मानकानुसार आहे’ हे दोन शब्द घरपोच मिळतील. मानक म्हणजे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500. त्यात उरलेलं क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम लागतं आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही चालत नाही. आकडा हाती आला तर तुम्ही त्याच्याशी ताडून पाहाल, म्हणून आकडा मागूच नये. (या शहरात नळाच्या पाण्यावर आता कुणी हसत नाही. जीविताशी संबंध असेल तर माहिती 48 तासांत द्यायची असते. मात्र धोका आत्ता, या घडीला आहे, हे अर्जातच दाखवावं लागतं. ते लिहायचं राहून गेलं की झाले पुन्हा 30 दिवस.)

झाडांच्या बाबतीत मन मोठं ठेवा. ‘मागील 20 वर्षांतील सर्व झोनमधील वृक्षतोडीची संपूर्ण माहिती’ मागा. वॉर्ड 85 आहेत, एकही सोडू नका. कलम 7(9) चं बोट धरून ‘एवढं जमवायला आमची सगळी माणसं गुंततील’ असं उत्तर येईल. कायद्याने खरं तर तेवढ्यावर नकार देता येत नाही, दुसऱ्या स्वरूपात माहिती द्यायची असते. पण तुम्ही हे बोलून दाखवू नये. एकाच रस्त्याची, एकाच वर्षाची फाईल मागणारे लोक भलते असतात. शहरी झाडांसाठी राज्यात 2001 चा वेगळा कायदा आहे. त्याखालचा परवानगीचा आदेश, झाडांची यादी आणि नोटशीट एवढंच मागतात, वर ‘फाईल बसून पाहायची आहे’ असंही लिहितात. कलम 2 मध्ये निरीक्षण बसतं आणि नमुना घेणंही बसतं. नोटशीटवर कुणी काय शेरा मारला, कुणी सही टाळली, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचा अर्ज फारच नेमका होतो. म्हणून फायलीजवळ जाऊ नका.

अर्ज देताना शिवाजी मार्केटच्या मुख्यालयात जो पहिला माणूस दिसेल त्याच्या हातात कागद ठेवा आणि घरी या. पावती मागणं म्हणजे अविश्वास. मुदत अर्ज पोचल्याच्या तारखेपासून मोजतात; तारखेचा शिक्का नसेल तर मुदत नाही, आणि मुदत नाही तर उशीरही नाही.

मग 29 व्या दिवशी पत्र येईल: पानं 412, दर 2 रुपये, एकूण 824 भरा. ही खेळी सुंदर आहे. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, तेव्हा पत्र आठवडाभर फ्रिजवर ठेवून निगमालाही विसावा द्यावा. आणि हेच पत्र 30 दिवस उलटल्यावर आलं, तर धावत जाऊन पैसे भरा. उशीर झाला की माहिती फुकट द्यावी लागते हे कलम 7(6) मध्ये आहे, पण लहानसहान गोष्टींवरून संबंध कशाला बिघडवायचे?

कान्ह नदीचं विचाराल तर ‘हा विषय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा’ म्हणून अर्ज परत येईल. तो घरी आणून जपून ठेवा. कलम 6(3) खाली तो 5 दिवसांत त्यांनीच मंडळाकडे पाठवायचा असतो. शिवाय कबीटखेडीच्या सांडपाणी केंद्रातून सुटणाऱ्या पाण्याचे बीओडीचे (पाण्यात घाण किती, हे दाखवणाऱ्या मापाचे) अहवाल निगमाच्या दप्तरातही मिळू शकतात. तेव्हा नदीचं नाव घेऊन सुस्कारा टाकावा, केंद्राचं नाव घेऊ नये. कंत्राटदाराचे कागद मागितलेत तर त्याला नोटीस जाते आणि मुदत 40 दिवसांवर जाते. तेव्हा करारातले दर, दंडाच्या अटी असलं काही विचारून त्या बिचाऱ्याला कशाला ताण द्यायचा?

अपील? ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण असताना तुम्ही 30 दिवसांत पहिलं अपील करणार? 50 रुपये लागतात, आणि निकाल 30, फार तर 45 दिवसांत द्यावा लागतो. दुसऱ्याला 100 रुपये, 90 दिवसांची मुदत आणि भोपाळचा राज्य माहिती आयोग. करायचंच झालं तर मूळ अर्ज, पावती आणि पहिल्या अपिलाची प्रत जोडू नका, म्हणजे त्रुटीचं पत्र येईल आणि आणखी दोन-चार महिने सुखात जातील. आणि हो, कलम 20 चा उल्लेख तर अजिबात करू नका. त्यात दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड आहे, आणि तो निगमाच्या तिजोरीतून नाही, त्या अधिकाऱ्याच्या पगारातून जातो. 30 दिवस ज्याची झोप उडवली, त्याच्या घरच्या किराण्यावर आणखी डोळा कशाला ठेवायचा?