शेवाळाचा गोळा, शौशिंग आणि आपला अगस्ती: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

शेवाळाच्या गोळ्यांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात: कोकेदामा (रोपाच्या मुळांभोवती मातीचा गोळा वळून त्यावर शेवाळ गुंडाळायची कला) जपानी असताना मी त्याला चिनी म्हटलं, गडग्यावरचं, म्हणजे दगडी कुंपणावरचं, शेवाळ खरवडायला लोकांना शिकवलं, शेजारी चिनी मूर्ती ठेवून भोंदूगिरी घरात आणली, आणि तुमच्या नातीचा गोळा वैशाखात तपकिरी पडला तर दुकानदाराने ‘बेडूक रुसला’ (पैसा आणतो म्हणून विकतात तो चिनी बेडूक) असं सांगितलं.

पहिलं तुमचं बरोबर. ‘कोके’ म्हणजे शेवाळ, ‘तामा’ म्हणजे गोळा, शब्द जपानी आणि कलाही जपानी. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरंही बरोबर, आणि ते मला जास्त लागलं. गडग्यावरचं शेवाळ एकदा सोललं की जांभा उघडा पडतो आणि तशीच साय धरायला कित्येक पावसाळे जातात. विहिरीच्या काठाला आणि देवराईत तर हात लावूच नये. आता मी पावसाआधी कौलं उतरवून झाडतात तेव्हा खाली पडणाऱ्या खपल्या गोळा करते. वाळून कोळ झालेल्या असतात, पण पाण्यात टाकल्या की थोड्या वेळात हिरव्या होतात. शेवाळाला खरी मुळं नसतात. ते अंगानेच पाणी पितं, त्यामुळे जागा बदलली तरी त्याचं फार बिघडत नाही.

मूर्तींबद्दल मात्र मला वेगळं वाटतं.

बेडूक किंवा लाफिंग बुद्धा दारात ठेवला की पैसा येतो, हे मी कुठेही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. पण त्या आकृत्यांना स्वतःच्या गोष्टी आहेत. ज्याला आपण लाफिंग बुद्धा म्हणतो तो गौतम बुद्ध नव्हे. तो बूदाय, दहाव्या शतकात चीनच्या चच्यांग भागात फिरणारा भिक्षू. त्याच्या नावाचा अर्थच ‘कापडी पिशवी’, कारण सगळा संसार पिशवीत घालून तो हिंडायचा. पुढे लोक त्याला मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा, अवतार मानू लागले. ज्याच्याकडे एका पिशवीपलीकडे काही नव्हतं, त्याचं पोट चोळून पैसा मागायचा याची चीड तुम्हाला येते तशी मलाही येते. चीड त्या विक्रीची यावी, भिक्षूची का?

माझ्या पडवीत आहे तो शौशिंग, दीर्घायुष्याचा देव. वीतभर चिनी मातीचा म्हातारा, कपाळ नारळाएवढं पुढे आलेलं, एका हातात काठी, दुसऱ्यात पीच. हा मुळात एक तारा. चिनी लोक त्याला दक्षिण ध्रुवाचा म्हातारा म्हणत, आणि तो दिसला की राज्यात शांतता नांदते असं मानत. बीजिंगहून तो क्षितिजाच्या वर येतच नाही, दक्षिणेकडे यावं तेव्हा दिसतो. आता हा तारा कोणता ते सांगते: आपला अगस्ती! माघात रात्री नऊच्या सुमाराला वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. व्याधाच्या बराच खाली, क्षितिजापासून वीसेक अंशांवर तो एकटा चमकत असतो. आपल्याकडे तो समुद्र पिऊन टाकणारा ऋषी, भाद्रपदात उगवून गढूळ पाणी निवळवणारा. तिकडे तोच काठी टेकत येणारा म्हातारा. हे कळल्यापासून मला ती मूर्ती परकी वाटत नाही, म्हणून नेच्याच्या गोळ्याशेजारी तिला जागा दिली.

वटवाघळाचंही तसंच. आपण अशुभ मानतो. चिनीत वटवाघूळ आणि सुख या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘फू’, म्हणून तिकडे ते शुभ.

आता नातीचा गोळा. बेडूक रुसलेला नाही, पाणी मचूळ झालंय. वैशाखात किनाऱ्याजवळच्या विहिरींना खार चढतो, आणि ते पाणी रोज शिंपडलं की मीठ शेवाळावर साचत जातं. पंख्याच्या वाऱ्याने गोळा वाळतो, म्हणून आपण आणखी शिंपडतो, मीठ आणखी वाढतं. टाकून देऊ नका. गोडं पाणी बादलीत घ्या, गोळा बुडवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत राहू दे, मग सावलीत सुंभाने टांगा. तीन-चार दिवसांनी पुन्हा. आतली माती नुसती तांबडी असेल तर ती पाणी धरत नाही. मिरगानंतर खाचरातली चिकण माती आणि काथ्याचा भुसा मिसळून गोळा नव्याने वळावा लागेल. मुठीत दाबल्यावर बोटांचे ठसे राहिले आणि भेग पडली नाही, की माती जमली.

आतलं रोप जिवंत आहे का, ते देठ नखाने किंचित खरवडून बघायला सांगा. खाली हिरवं दिसलं तर मला कळवा, मी कौलांवरच्या खपल्या तिच्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत.