अलचीचे दगड आणि 'चार दिवसांचे' पाहुणे

अनामिक महोदय,

लडाखमधल्या अलची गावच्या पुलाजवळच्या कातळचित्रांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिता की मी सगळी चित्रं सरसकट 'पाच हजार वर्षांपूर्वीची' करून टाकली, आयबेक्सला हरीण म्हटलं, फोटोसाठी दगडावर पाणी मारलं आणि 'चार दिवस लेह फिरून आलेल्यांनी असल्या विषयांत हात घालू नये.'

आयबेक्सचं मान्य. तो रानबोकडच, फोटोखालची ओळ सुधारली आहे. चूक कबूल करायला मला लाज वाटत नाही. माझं नावही ब्लॉगवर ठळक आहे. आपलं कुठे आहे?

आता 'चार दिवस'. अहो, 2011 पासून पाच वेळा लडाखला गेलोय. त्यातल्या एका खेपेला दोन अख्खे दिवस सिंधूकाठच्या त्या दगडांतच घालवले, बायकोची बोलणी खाऊन.

शिवाय माझे आजोबा पाथरवट होते. जात्याला टाकी लावून घ्यायला आलेल्या बायका आमच्या ओट्यावर बसून असायच्या. टाकीचा ताजा घाव पांढरा दिसतो, जुना मंदावतो, हे मला सातव्या वर्षी कळत होतं. लडाखात तेच, फक्त काळ प्रचंड. उघड्यावरच्या दगडावर लोह-मँगनीजची काळी तकतकीत साय चढते. दगडाने ठोकून ती उडवली की आतला फिका रंग उघडा पडतो, तेच चित्र. पुढे तेही हळूहळू काळवंडतं. एका दगडावर मागे वळलेल्या शिंगांचा आयबेक्स इतका काळा की तिरप्या उन्हाशिवाय दिसेना, आणि हातभर अंतरावरचा स्तूप चांगला फिका. आधी कोण, नंतर कोण, हे ओळखायला पदवी लागते? फ्रँके हे तर मिशनरी होते, त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी लडाखच्या कातळचित्रांवर लिहिलं. त्यांनाही आपण असंच दटावलं असतं का?

आकडा पाच हजार की तीन हजार, हा तपशिलाचा भाग झाला. त्यावरून एवढं तोंडसुख घ्यायचं कारण नव्हतं.

आणि पाणी मी मारलं नाही, ड्रायव्हरने मारलं. रस्त्या-पुलांसाठी तिथले कितीतरी चित्रांचे दगड फुटले, हे त्याच लेखात लिहिलंय. त्यावर आपल्याकडून एक अक्षर नाही. माझी अर्धी बाटली मात्र बरोबर दिसली.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तरच प्रसिद्ध करीन.