मोटर १२०० वॉटचीच का: एका स्टारला उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या व्हॅक्यूम क्लीनरबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. एवढ्या किमतीत मोटर १२०० वॉटचीच, डबा जड, आणि रंगकामानंतर घर साफ करताना मशीन आधी किंचाळलं नि मग आपोआप बंद पडलं, अशा तक्रारी आहेत. ‘पुण्यात बनवलंय म्हणून घेतलं आणि फसलो’ हेही आहे. एक स्टार दिलात तो राहू द्या. पण इतरही वाचतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बंद पडण्याबद्दल. मशीन आमच्याकडे आलं तेव्हा पिशवी निम्मीसुद्धा भरली नव्हती, पण आतून पांढरीफटक होती. ती पीओपीची आणि पॉलिश पेपरने घासलेल्या पुट्टीची पूड. ही पूड पिशवी भरत नाही, तिची छिद्रं बुजवते. मग पंख्याला ढकलायला हवाच मिळत नाही, भार हलका होतो आणि मोटर आणखी वेगाने फिरते. तीच किंचाळी. ऐकणाऱ्याला वाटतं मशीन जोर लावतंय; खरं तर ते रिकामंच फिरत असतं. त्यात मोटर थंड राहते तीही याच हवेवर. ती तापली आणि थर्मल कटआउटने, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणाऱ्या स्विचने, बंद केली. तो नसता तर तुम्ही मोटर जळाल्याची तक्रार लिहिली असती. बांधकामाची धूळ ओढू नका, असं माहितीपत्रकात ठळक छापलंय. (ते वाचतं कोण, हे आम्हालाही ठाऊक आहे.)

आता वॉट. मोटर वीज किती खाते ते वॉटवरून कळतं, कचरा किती उचलते ते नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला ९०० वॉटची मर्यादा घातली. तिकडे काही घरोघरी धूळ साचलेली नाही. आमचा आकडा ठरला तो भिंतीवरच्या प्लगवरून. २३० व्होल्टला ६ अँपिअरचा नेहमीचा पॉइंट जेमतेम १३८० वॉट देतो. १६ अँपिअरचा पॉइंट जुन्या फ्लॅटमध्ये असतो कुठे? गीझरपाशी, फार तर ओट्याजवळ. २००० वॉटचं मशीन घेऊन सदाशिव पेठेतल्या घरात हॉल साफ करायला बाथरूममधून वायर ओढायची का?

दुकानात लोक पाइपच्या तोंडाला तळहात लावून ओढ बघतात, तीही फसवी. हात चिकटला म्हणजे हवा थांबली, आणि कचरा नेते ती वाहती हवा. म्हणून आम्ही डोकं लावलं ते पाइपचा व्यास, सांध्यातली गळती आणि ब्रशचं तोंड यांवर.

डबा जड आहे, कारण वजन मुद्दाम तळाशी ठेवलंय. पाइप धरून ओढताना तो बाल्कनीच्या उंबऱ्यावर आडवा होत नाही. हलका हवा असेल तर आमचा घेऊ नका, हे आम्ही विकतानाही सांगतो.

पैसे परत मिळणार नाहीत. नवी पिशवी आणि फिल्टर घालून मशीन भोसरीच्या वर्कशॉपमध्ये तयार आहे, त्याचे पैसे लावलेले नाहीत. रविवार सोडून कधीही न्या. घरात उरलेली पूड मात्र आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आणि हो, पुढचं मॉडेल १००० वॉटचं येतंय. आधीच सांगून ठेवतो.