थर्टी-थर्टीच्या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू मराठीत लिहिलात, म्हणून उत्तरही मराठीत. आपली तक्रार अशी: आमच्याकडून नेलेल्या थर्टी-थर्टीच्या (म्हणजे .३०-३० या रायफलच्या काडतुसाच्या) पितळी केसेस, म्हणजे पावडर आणि गोळी धरणारी नळकांडी, घरी पुन्हा भरताना तिसऱ्या भरणीलाच तोंडाशी चिरल्या, ५० यार्डांवर गोळ्या कागदात आडव्या शिरतात, आणि टोकदार गोळ्या मागितल्यावर मी उद्धटपणे ‘नाही’ म्हणालो. शेवटी ‘मराठी माणूसच मराठी माणसाला गंडवतो’ असंही आहे. ते झोंबलं, पण त्याकडे नंतर येतो.

आधी एक विनंती. घरी भरून ठेवलेली काडतुसं कृपया झाडू नका.

आपण रायफलचा फोटो जोडला आहे. तो मोठा करून पाहिला. नळीवर ‘३२ डब्ल्यू. एस.’ कोरलेलं आहे. म्हणजे आपली विंचेस्टर मॉडेल १८९४ रायफल थर्टी-थर्टी नाहीच, ती .३२ विंचेस्टर स्पेशल आहे. त्या काळातल्या थर्टी-थर्टीच्या नळीवर ‘३० डब्ल्यू. सी. एफ.’ असतं. दोन्ही काडतुसं सख्खी भावंडं. केस जवळजवळ तीच, फक्त .३२ चं तोंड थोडं रुंद. त्यामुळे थर्टी-थर्टी त्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) मुकाट्याने बसते आणि उडतेही. पण तिची गोळी ०.३०८ इंच व्यासाची, आपली नळी ०.३२१ च्या गोळीसाठी. गोळी नळीतले पेर (तिला फिरकी देणाऱ्या पेचदार खाचा) धरतच नाही, डगमगत बाहेर पडते, म्हणून कागदावर आडवी भोकं. केसचं तोंड दर वेळी बार झाला की फुगून चेंबरएवढं होतं, मग घरी थर्टी-थर्टीची डाय (केसला मापात आणणारा साचा) ते पुन्हा आवळते. असं दोन-तीनदा फुगवलं-आवळलं की पितळ चिरणारच. केसेस चांगल्या होत्या, बिचाऱ्या चुकीच्या घरात पडल्या.

(गंमत म्हणजे घरी भरणाऱ्यांसाठी .३२ स्पेशल सोयीची, असंच तेव्हा सांगितलं जायचं. थर्टी-थर्टी १८९५ मध्ये आली ती धूरविरहित पावडर घेऊन; .३२ नंतर आली, पण तिच्या नळीचे पेर संथ, १६ इंचांत एक वेढा, म्हणून जुनी काळी पावडरही चालेल असा हिशेब.)

आता आमची चूक. काउंटरवरच्या मुलाने ‘कॅलिबर कुठलं?’ विचारलं, आपण रायफल विकणाऱ्याने सांगितलं तेच सांगितलंत, आणि त्याने डायचा सेट काढून दिला. जुनी लिव्हर-ॲक्शन (खालचा दांडा ओढून काडतूस भरायची) रायफल असेल तर नळीवरचा शिक्का पाहिल्याशिवाय डाय द्यायची नाही, हा आमचाच नियम. तो त्या दिवशी पाळला गेला नाही. त्यामुळे थर्टी-थर्टीची डाय परत आणा, .३२ ची घेऊन जा, वरचे पैसे नकोत. उरलेल्या गोळ्यांच्या बदल्यात ०.३२१ च्या, १७० ग्रेन वजनाच्या, सपाट तोंडाच्या देतो. भरलेली काडतुसं कशी उकलायची ते दाखवतो. फोडलेला पावडरचा डबा मात्र परत घेता येत नाही. आत नेमकं काय आहे याची खात्री मी पुढच्या गिऱ्हाइकाला देऊ शकत नाही. ती पावडर .३२ ला चालते का, ते भरणीच्या पुस्तकात बघू. पावडर किती घालायची, तो आकडा तोंडी सांगणार नाही.

टोकदार गोळ्यांचं उत्तर मात्र तेच राहील. आपल्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या ट्यूबमध्ये एकामागे एक उभी असतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर) टेकतं, आणि बार झाला की धक्क्याने सगळी रांग हलते. टोक कडक आणि अणकुचीदार असेल तर ते फायरिंग पिनचं, म्हणजे प्रायमरवर ठोका देणाऱ्या खिळीचं, काम करू शकतं, तेही ट्यूबमध्ये, आपल्या डाव्या हाताखाली. ‘एक चेंबरमध्ये, एकच ट्यूबमध्ये’ अशी युक्ती बरेच जण सांगतात. खरी आहे, पण थंडीत, हरीण समोर असताना तिसरी कधी आत जाते ते कळत नाही. मऊ प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्या याच रायफलींसाठी निघाल्या आहेत, त्या हव्या तर देतो.

सूर उद्धट होता हे मान्य. डिअर सीझनच्या (हरणांच्या शिकारीच्या मोसमाच्या) आदल्या आठवड्यात काउंटरवर रांग होती, समजावायला थांबलो नाही. माफ करा.

गंडवण्याबद्दल एवढंच: टोकदार गोळ्या विकल्या असत्या तर त्या दिवशी माझा गल्ला जास्त भरला असता.

रायफल रिकामी, लिव्हर उघडी ठेवून आणा. चेंबरही तपासून देतो, फी नाही. सोमवारी दुकान बंद असतं.